परिचर्या शिक्षणसंस्थांची मान्यता : प्राप्ती, सातत्य आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील रुग्णखाटांचा प्रश्न

बीजशब्द : परिचर्या शिक्षण, मान्यता, संलग्नता, अधिस्वीकृती, रुग्णालयीन प्रात्यक्षिक, ठाणे जिल्हा

प्रस्तावना

बारावी विज्ञान शाखेची परीक्षा उत्तीर्ण झालेली डोंबिवलीची एखादी विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी माहितीपत्रके चाळू लागते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पत्रकावर तिला 'शासनमान्य' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला आढळतो. तिच्या पालकांचे या एका शब्दाने बहुधा समाधान होते. वास्तविक पाहता या शब्दाच्या पोटात निदान चार वेगवेगळ्या यंत्रणांचे निर्णय दडलेले असतात. त्यांतील प्रत्येकाचा कायदा वेगळा, मुदत वेगळी आणि तो रद्द होण्याची रीतही वेगळी. पुढे चार वर्षांनी पदवी हाती पडली, परंतु परिचर्या परिषदेच्या नोंदपुस्तकात नाव चढले नाही, तर त्या पदवीच्या बळावर परिचारिका म्हणून काम करता येत नाही. अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधरास संस्थेच्या मान्यतेतील उणिवेचा फटका बसतो तो प्रतिष्ठेच्या रूपाने. परिचारिकेच्या बाबतीत तो थेट उपजीविकेवर बसतो. म्हणून ही मान्यता कशी मिळते, ती टिकते कशावर आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली या सलग नागरी पट्ट्यात तिचा खरा कस कोठे लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मान्यता, संलग्नता, अधिस्वीकृती

बोलण्याच्या ओघात हे तीनही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगणार नाही. राज्य शासनाची परवानगी व परिचर्या परिषदेची मान्यता म्हणजे व्यवसायाच्या दारात उभे राहण्याचा परवाना होय. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे परीक्षेस बसण्याचा व पदवी मिळण्याचा हक्क. महाराष्ट्रातील परिचर्या पदवीसाठी ही संलग्नता १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. सहाय्यक परिचारिका प्रसाविका म्हणजे एएनएम आणि जनरल नर्सिंग म्हणजे जीएनएम या पदविका स्तरावरील अभ्यासक्रमांसाठी २०१३ च्या कायद्याने राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची तरतूद झाली. अधिस्वीकृती ही तिसरी गोष्ट. १९९४ मध्ये स्थापन झालेली 'नॅक' संस्थेच्या एकंदर शैक्षणिक गुणवत्तेचे मूल्यमापन करते. नॅकची श्रेणी नसलेल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी परिचारिका होऊ शकते. परिषदेची मान्यता नसलेल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी, त्या महाविद्यालयाची श्रेणी कितीही उंच असली तरी, होऊ शकत नाही. जाहिरातीत मात्र श्रेणीचे अक्षर मोठे छापलेले असते आणि परिषदेच्या पत्राचा क्रमांक शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथेही प्रत्येक राज्याच्या परिचर्या मंडळाची संमती संस्थेस अनिवार्य असते. त्याखेरीज दोन प्रमुख संस्था परिचर्या अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती करतात. त्यांपैकी एक संस्था प्रथम पाच वर्षांची व नंतर आठ वर्षांपर्यंतची, तर दुसरी प्रथम पाच व नंतर दहा वर्षांपर्यंतची मुदत देते. म्हणजे अधिस्वीकृती मूलतः ऐच्छिक असली तरी ती खास परिचर्या अभ्यासक्रमाची, परिचर्येतील जाणकारांनी केलेली असते. आपल्याकडे हे काम बव्हंशी वैधानिक परिषदांच्या तपासणीवरच सोपविलेले आहे. तपासणीचे ओझे त्यामुळे वाढते, आणि तपासणीस कच्चा निघाला तर मागे दुसरी चाळणी उरत नाही.

कायद्याची घडण

मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या शिक्षणास एकसूत्रता आणण्याचा प्रयत्न फार जुना आहे. १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा निरनिराळ्या रुग्णालयांतील प्रशिक्षणास समान परीक्षेची जोड देण्याचा विचार त्यामागे होता. १९३५ मध्ये या इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. परंतु एका प्रांतात नोंदलेली परिचारिका दुसऱ्या प्रांतात आपोआप ग्राह्य धरली जात नसे. ही अडचण दूर करण्यासाठी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ अस्तित्वात आला. त्याच्या दहाव्या व अकराव्या कलमांचा आशय असा, की परिषदेने मान्य केलेली अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदपुस्तकात नाव दाखल होण्यास पुरेशी मानावी. पुढे महाराष्ट्रात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला व महाराष्ट्र परिचर्या परिषद या राज्याची नोंदणी सांभाळू लागली.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा मुद्दा आहे. १९४७ च्या कायद्याने केंद्रीय परिषदेला मुख्यतः 'अर्हता' मान्य करण्याचा अधिकार दिला. 'संस्था' मान्य करण्याचे काम राज्य परिषदेकडे राहिले. अनेक वर्षे केंद्रीय परिषदही संस्थांना मान्यतापत्रे देत असे. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार राज्य यंत्रणेचा असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर केंद्रीय परिषद 'मान्यता' हा शब्द टाळून संस्थेची 'सुयोग्यता' तपासू लागली. शब्द बदलला, तपासणी राहिली. पालकांच्या मनातील गोंधळ मात्र दुणावला. राज्य परिषदेची मान्यता आहे पण केंद्रीय परिषदेच्या यादीत नाव नाही, अशा संस्थेतून शिकलेल्या परिचारिकेला परराज्यात नोंदणी करताना अडचण येईल काय, हा प्रश्न त्या काळात हजारो कुटुंबांपुढे होता. तो नुसता कायद्याच्या काथ्याकुटाचा प्रश्न नव्हता.

मान्यता मिळविण्याचा मार्ग

नवे महाविद्यालय काढू इच्छिणाऱ्या न्यासाला वा संस्थेला प्रथम विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या स्थळी महाविद्यालयास वाव आहे काय, हे पाहावे लागते. विद्यापीठ अर्जाची छाननी करून शिफारशीसह तो शासनाकडे पाठविते. शासनाची परवानगी व आवश्यकता प्रमाणपत्र मिळाल्यावर परिषदांकडे अर्ज जातो आणि तपासणी होते. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती स्वतंत्रपणे येते. एवढे सोपस्कार पार पडल्यावर पहिल्या तुकडीचा प्रवेश होतो.

तपासणीत पाहिले जाते ते काय? २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित विनियमांनी आठ सत्रांची व श्रेयांकांची पद्धत आणली. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह यांची मापे ठरलेली आहेत. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. प्राचार्यपदासाठी परिचर्येतील पदव्युत्तर पदवी व दीर्घ अध्यापनानुभव लागतो. यांपैकी इमारत पैशाने उभी राहते आणि शिक्षकांची जुळवाजुळव कष्टाने का होईना, होते. तिसरी अट मात्र अशी आहे की जी पैशानेही सहज पुरी होत नाही. ती म्हणजे रुग्णालय. संस्थेचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय असावे, प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, आणि खाटा कागदावर असून भागत नाही, त्या पुरेशा प्रमाणात भरलेल्याही असाव्यात, असा या अटीचा मथितार्थ आहे. स्वतःच्या रुग्णालयात जे अनुभव मिळत नाहीत त्यांसाठी साधारणतः तीस किलोमीटरच्या आतील अन्य रुग्णालयांशी करार करण्याची मुभा आहे.

ठाणे ते डोंबिवली : खाटांचा हिशेब

ही अट या परिसरात कशी लागू पडते, याचा थोडा तपशिलाने विचार करणे आवश्यक आहे. साठ विद्यार्थ्यांची एक तुकडी एकाच पाळीत रुग्णकक्षात उतरली तर एकास तीन या प्रमाणाने एकशे ऐंशी भरलेल्या खाटा लागतील. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १९८३ ची. तिची प्रमुख रुग्णालये दोन : कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय. दोन्ही शंभर-सव्वाशे खाटांच्या आसपासची. म्हणजे एवढ्या मोठ्या शहराचे पालिकेचे एक संपूर्ण रुग्णालय घेतले तरी एका महाविद्यालयाची एक तुकडी त्यात एका वेळी मावत नाही. शेजारी उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे, कामगार विमा योजनेची रुग्णालये आहेत, कल्याणला रेल्वेचे रुग्णालय आहे. परंतु तेथील रुग्ण, त्यांचे नियम व त्यांची प्राधान्ये निराळी आहेत.

ठाण्याकडे वळल्यास चित्र काहीसे वेगळे दिसते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय पाचशे खाटांचे असून ते ठाणे महानगरपालिकेच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले आहे. मानसिक आरोग्य परिचर्येच्या प्रात्यक्षिकासाठी तर या परिसराला फारसा पर्यायच नाही. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांतील १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय हेच मुंबई महानगर प्रदेशातील महाविद्यालयांना जवळचे. अनेक संस्थांचे विद्यार्थी एकाच ठिकाणी जाणार असतील तर कोणत्या आठवड्यात कोणाची तुकडी, याचे वेळापत्रक हाच कळीचा दस्तऐवज ठरतो.

ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तीनशेहून अधिक खाटांच्या या जुन्या रुग्णालयाच्या जागी नऊशे खाटांचे नवे रुग्णालय उभारण्याचे ठरले, आणि २०२३ च्या सुमारास त्याचे कामकाज मनोरुग्णालयाच्या आवारात तात्पुरते हलविण्यात आले. शहराच्या दृष्टीने ही स्वागतार्ह योजना होय. पण मान्यतेच्या दृष्टीने विचार केल्यास, जिल्हा रुग्णालयावर प्रात्यक्षिकासाठी विसंबलेल्या कोणत्याही संस्थेचा हिशेब अशा स्थलांतराच्या काळात बदलतो. करारपत्रावर खाटांची जुनी संख्या तशीच असते. रुग्णांचा ओघ मात्र दुसरीकडे वळलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांच्या अवधीत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या स्थलांतरामुळे कळव्यावर वाढलेल्या भाराची चर्चा सर्वत्र झाली होती. खाटांपेक्षा रुग्ण अधिक झाले म्हणजे विद्यार्थिनींना अनुभव अधिक मिळतो, हा समज मात्र चुकीचा आहे. गर्दीच्या कक्षात शिकवायला कोणास सवड नसते आणि शिकाऊ मुलगी कमी पडलेल्या कर्मचाऱ्याची जागा भरून काढू लागते. ती तिथे शिकण्यासाठी आलेली आहे, मनुष्यबळ म्हणून नव्हे, हा परिषदांच्या नियमांचा गाभा आहे.

अंतराची अट कागदावर जितकी निरुपद्रवी दिसते तितकी ती नाही. ठाणे आणि कल्याण यांमधील रेल्वेचे अंतर सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत. परंतु सकाळच्या पाळीला सातच्या ठोक्याला कक्षात हजर राहावयाचे असेल तर कल्याणच्या वसतिगृहातील मुलीला पाचच्या आधी उठून गर्दीची लोकल पकडावी लागते. नियम किलोमीटर मोजतो, मुली तास मोजतात. ज्या संस्था स्वतःची बस ठेवतात त्यांच्या हजेरीपुस्तकात हा फरक स्पष्ट दिसतो. ग्रामीण आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी मुरबाड, शहापूर या तालुक्यांत जावे लागते, तेव्हा तर निवासाची सोय हाच तपासणीचा मुद्दा व्हावयास हवा.

सातत्य : दरवर्षीची परीक्षा

मान्यता मिळाली म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असा समज संस्थाचालकांतही आढळतो. वस्तुतः संलग्नता ठरावीक मुदतीची असते व तिचे सातत्य पुन्हा तपासणीनेच मिळते. तपासणीसाला पाहावयाचे असतात ते मुख्यतः तीन प्रकारचे कागद : शिक्षकांच्या नियुक्तीची व वेतनाची नोंद, विद्यार्थ्यांची हजेरी, आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या. तात्त्विक विषयांसाठी ऐंशी टक्के हजेरी चालते. रुग्णालयीन प्रात्यक्षिकाचे तास मात्र पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के पूर्ण करावे लागतात. आजारपणामुळे बुडालेली पाळीही नंतर भरून द्यावी लागते. हा नियम विद्यार्थिनींना जाचक वाटतो. परंतु हीच मुलगी पुढे परदेशात नोकरीसाठी अर्ज करते तेव्हा तेथील मूल्यमापन यंत्रणा तिच्या महाविद्यालयाकडून विषयवार तासांचा तपशील व राज्य परिषदेकडून नोंदणीची खातरजमा मागविते. दहा वर्षांपूर्वी कोणी तरी कक्षात उभे राहून भरलेली, वेळच्या वेळी सही झालेली ती नोंदवही त्या दिवशी कामास येते.

त्रुटी आढळल्यास काय होते? १९४७ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाने तपासणीची व चौदाव्या कलमाने मान्यता काढून घेण्याची तरतूद केली. चौदाव्या कलमातील रीत सावकाशीची आहे. परिषदेच्या कार्यकारी समितीचा अहवाल, मग राज्य शासनाकडे निवेदन, शासनाकडून संस्थेला स्पष्टीकरणाची संधी, आणि त्यानंतर निर्णय. नैसर्गिक न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र या सावकाशीत एक-दोन तुकड्या बाहेर पडून जातात. व्यवहारात म्हणूनच प्रवेशक्षमता घटविणे किंवा एका वर्षापुरते प्रवेश थांबविणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची अन्य महाविद्यालयांत सोय लावणे हे सर्वांत अवघड काम; कारण विद्यार्थी हलविता येतात, त्यांच्यासाठी लागणाऱ्या खाटा हलविता येत नाहीत.

तपासणी केवळ कागदांची झाली तर काय घडते, याचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशाने दिले आहे. तेथील परिचर्या महाविद्यालयांविषयीच्या तक्रारींवरून उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविला. २०२४ च्या प्रारंभी ३०८ महाविद्यालयांचा अहवाल सादर झाला व त्यांतील १६९ योग्य ठरविली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून या तपासातील अधिकाऱ्यांनाच अटक झाली. मग योग्य ठरलेल्या त्या १६९ महाविद्यालयांचीही न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तपासणीसाची तपासणी, असा हा प्रकार होता. यात सर्वाधिक भरडले गेले ते विद्यार्थी, ज्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या.

२०२३ चा कायदा

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी तो करण्यात आला असून, जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग, त्याखाली शिक्षण, मूल्यांकन व मानांकन, आणि नीती व नोंदणी अशी तीन स्वायत्त मंडळे, तसेच प्रत्येक राज्यात राज्य आयोग, अशी त्याची रचना आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते दुसरे मंडळ. नव्या संस्थेस परवानगी देणे, संस्थांचे मूल्यमापन करून मानांकन जाहीर करणे आणि निकष न पाळणाऱ्या संस्थेस ताकीद, दंड, प्रवेशक्षमतेत कपात, प्रवेशबंदी अशा चढत्या क्रमाच्या शिक्षा करणे हे त्याचे काम. मान्यता आणि अधिस्वीकृती यांच्यातील जी फारकत आरंभी सांगितली, ती या रचनेत बरीच कमी होते. परवाना देणारा आणि श्रेणी ठरविणारा एकच. यात सोय आहे, तशी जोखीमही आहे.

या मानांकनात कोणते घटक मोजले जातील यावर बरेच अवलंबून राहील. इमारतीचे चौरस फूट मोजणे सोपे असते, म्हणून ते मोजले जाते. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात याहून उपयुक्त असा एक साधा तक्ता आहे : प्रत्येक रुग्णालयाने कोणकोणत्या महाविद्यालयांना, कोणत्या कक्षातील किती खाटांसाठी आणि कोणत्या महिन्यांपुरती संमती दिली, याचा. एखादी खाट तीन महाविद्यालयांच्या अर्जांत मोजली गेली आहे काय, हे त्यावरून क्षणात कळेल. हा तक्ता महाविद्यालयाकडून न मागविता रुग्णालयाकडून मागवावा आणि प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी तो सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवावा. पालकांनीही तोवर महाविद्यालयाच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारण्यास संकोच करू नये : चालू शैक्षणिक वर्षाचे विद्यापीठाचे संलग्नतापत्र, परिषदेच्या पत्रातील मंजूर प्रवेशसंख्या, आणि मुलगी प्रात्यक्षिकासाठी ज्या रुग्णालयात जाणार त्याच्याशी झालेल्या कराराची मुदत. पहिले दोन कागद बहुतेक ठिकाणी भिंतीवर चौकटीत लावलेले असतात. तिसरा कपाटातून काढून दाखवावा लागतो.